पुसलेली तार

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. खाली बफिंगची यंत्रे आणि वर पोटमाळ्यावर हिशेबाची बैठक. त्या बैठकीच्या भिंतीवर गेल्या वर्षी मी एक छायाचित्र चौकटीत घालून लावले. थरच्या वाळवंटातील संध्याकाळ आहे. सेवण गवताचे फिकट पिवळे झुबके, त्यांच्यामागे एकटे खेजडीचे झाड आणि वर क्षितिजापासून माथ्यापर्यंत केशरी होत गेलेले निरभ्र आकाश. आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. माल पाहायला येणारे व्यापारी चहा घेता घेता त्याकडे पाहतात आणि ‘काय शांतता आहे!’ असे म्हणतात.

ते छायाचित्र खोटे होते. ते खोटे कसे झाले, याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे मी बरेच दिवस टाळत होतो.

छायाचित्रणाचा नाद मला वाळवंटाने लावला नाही, भाईंदरच्या मिठागरांनी लावला. १९९१ साली आम्ही येथे राहावयास आलो तेव्हा गाडीतून उतरले की रुळांच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी दिसत. भरतीचे पाणी खाडीतून आत घ्यावयाचे, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सोडत सोडत घट्ट करावयाचे आणि शेवटच्या उथळ वाफ्यांत उन्हाच्या हवाली करावयाचे, हे काम आगरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. आता त्या राशी कमी झाल्या, इमारती वाढल्या. पण जे वाफे उरले आहेत ते पहाटे पाहावेत. रविवारी गाळा बंद असला की मी कॅमेरा घेऊन तेथे जात असे. पहिल्या पहिल्या छायाचित्रांत मीठ करडे, मळकट दिसे. पुढे एका जाणत्या मित्राने उलगडा केला. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पांढऱ्या पसऱ्याला फसतो. त्याला उजेड फार झालासा वाटतो आणि तो सारे काळवंडून टाकतो. मीठ मिठासारखे दिसावयास हवे असेल तर एक-सव्वा स्टॉप प्रकाश आपणहून अधिक द्यावा लागतो. वाळूलाही हाच नियम लागू आहे, हे मला पुढे कळले.

वाळवंट पाहण्याची इच्छा बाबूजींची होती. आमचे आजोबा बालोतऱ्याजवळच्या एका खेड्यातून लोटा-दोरी घेऊन निघाले आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यातील एका गावी किराणा दुकान घालून बसले. बाबूजींचा जन्म तिकडचा, माझाही तिकडचाच; म्हणूनच मारवाडी मला अर्धीमुर्धी कळते आणि लिहिता येते ती मराठी. बाबूजींनी आजोबांचे गाव लहानपणी एकदा पाहिले होते. वय ७९ झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला, तेव्हा ते म्हणाले, “शस्त्रक्रिया नंतर करू. आधी एकदा मारवाड दाखव. आणि तो पंखाही बघून येऊ.”

या पंख्याविषयी सांगितले पाहिजे. २०१० साली आम्ही चौघा नातेवाइकांनी भागीदारीत जैसलमेर जिल्ह्यात एक पवनचक्की घेतली. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा व्यवहार झालेला असेल, त्यामुळे फार फोड करून सांगत नाही. पवनचक्कीवर तेव्हा पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळत असे. नफा बरा झाला होता, कर वाचत होता, वीज विकत घेणारे सरकारी वितरण मंडळ होते आणि देखभाल करणारी कंपनी होती. सनदी लेखापालांनी कागद पुढे केले, आम्ही सह्या केल्या. त्यानंतर दरमहा उत्पादनाचे विवरण येई आणि ते फाईलला लागे. चौदा वर्षांत आमच्यापैकी एकानेही ती वस्तू डोळ्यांनी पाहिली नव्हती. कापसाची गाठ असो वा वाटीचा नमुना, हाताळल्याशिवाय माल न घेणारी आम्ही माणसे!

डिसेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे निघालो : बाबूजी, मी, सौ. आणि अभियांत्रिकीला असलेला मुलगा. पहाटे पाचला काशीमिऱ्याहून महामार्ग धरला, वसईची खाडी अंधारातच ओलांडली. सौ.ने थेपले, खाकरे, मेथीची सुकी चटणी आणि उकाळलेल्या पाण्याचे दोन थर्मास घेतले होते. पहिली रात्र अहमदाबादेत आप्तांकडे काढली. दुसऱ्या दिवशी पालनपूर, सिरोही, जालोर करीत आम्ही नाकोड्यास पोहोचलो. जालोर सोडल्यावर जमीन बदलत गेली. झाडे ठेंगणी झाली, त्यांच्यातील अंतर वाढले, आणि रस्त्याच्या कडेला वाळू अशी पसरलेली दिसू लागली की जणू एखाद्या इमारतीच्या बांधकामासाठी कोणी ती टाकून विसरून गेले आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन आटोपून आम्ही पचपदऱ्याला गेलो. तेथील मीठ एके काळी बैलांच्या तांड्यांवरून दूरदूर जात असे. भाईंदरला समुद्र आहे. येथे शेकडो किलोमीटरपर्यंत समुद्र नाही. जमिनीत खड्डे खणावयाचे, खालून खारे पाणी झिरपून येते, त्यात काटेरी झुडपाच्या फांद्या टाकावयाच्या, आणि त्या फांद्यांवर मिठाचे खडे धरतात. खारवाल समाज हे काम करीत आला. एका खड्ड्याच्या काठावर पांढरे झालेले काटे मी टिपत होतो, तेव्हा बाबूजींनी खडा उचलून जिभेवर ठेवला आणि म्हणाले, “आपल्या भाईंदरच्यापेक्षा जहाल आहे.” पाठीमागे क्षितिजावर नव्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या उभ्या होत्या. मी दोन पावले सरकून त्या चौकटीबाहेर ठेवल्या. छायाचित्रकाराला ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की आपण काही वगळले, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

बाडमेरहून जैसलमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळवंट म्हणजे काय, याविषयीची माझी कल्पना मोडली. दिनदर्शिकेवरच्या वाळूच्या टेकड्या थरच्या थोड्याच भागात आहेत. बाकीचे वाळवंट म्हणजे खडकाळ माळ, कुठे खेजडी, कुठे केराची झुडपे, आकडा, फोग, आणि मैलच्या मैल सेवण गवत. येथे वर्षाकाठी पाऊस दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैतील एखादा मुसळधार दिवस तेवढे पाणी देऊन जातो. एवढ्याशा ओलीवर सेवण तग धरते आणि त्यावर गाई, मेंढ्या, उंट व हरणे जगतात. बाबूजी खिडकीतून पाहत होते. त्यांना स्पष्ट दिसत नव्हते, पण मध्येच म्हणाले, “हा तर आपला श्रीगोंद्याचा माळ आहे रे, फक्त कोरडा.”

फतेहगढच्या पुढे पवनचक्क्या दिसू लागल्या. आधी दोन-चार, मग ओळीने, मग जिकडे पाहावे तिकडे. जैसलमेरच्या परिसरात २००१ पासून त्या उभ्या राहू लागल्या आणि आता तो देशातील पवनऊर्जेच्या मोठ्या पट्ट्यांपैकी एक आहे. कंपनीच्या माणसाला फोन करून आम्ही आमची शोधून काढली. मुख्य रस्ता सोडून सात-आठ किलोमीटर कच्च्या वाटेने आत गेलो. पंचवीस मजली इमारतीएवढा पांढरा खांब, खाली कुलूप लावलेले लोखंडी दार, दारावर क्रमांक. बाबूजींनी विचारले, “ही आपलीच कशावरून?” मी भ्रमणध्वनीवर त्या महिन्याचे विवरण काढून क्रमांक जुळवून दाखवला. त्यांचे समाधान झाले. त्यांनी खांबाला हात लावला, मान वर केली आणि पाते डोक्यावरून जाताना होणारा घुमघुम आवाज बराच वेळ ऐकला.

साडेचार वाजले होते. येथेच माझी एक जुनी अडचण उभी राहिली, जी आपल्या घरांतील कोणत्याही छायाचित्रकाराला ठाऊक असेल. वाळवंटाचा खरा प्रकाश सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात मिळतो. दुपारी ऊन सरळ पडते, वाळूला सावली नसते, सारे सपाट दिसते. ऊन तिरपे झाले की गवताच्या प्रत्येक काडीला, वाळूवरच्या प्रत्येक लाटेला आकार येतो. आणि नेमक्या त्याच वेळेत चौविहारासाठी जेवण उरकावयाचे असते! त्या दिवसांत तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सौ. म्हणाली, “अहो, सूर्य उद्याही मावळणार आहे. आधी दोन घास खा.” अखेर मी गाडीच्या टपावर थाळी ठेवून, एका हातात थेपला आणि दुसऱ्या हातात ट्रायपॉड, अशा अवस्थेत पाच वाजून वीस मिनिटांनी जेवण संपवले व खेजडीच्या दिशेने धावलो.

ते झाड पवनचक्कीपासून पाचशे पावलांवर होते. गवत उजेडाने पेटल्यासारखे झाले होते. मी गुडघ्यावर बसून चौकट जुळवली. फक्त एक खोट होती. चक्कीपासून निघालेली विजेची वाहिनी झाडाच्या डोक्यावरून आडवी जात होती. खांबांमागून खांब आणि त्यांवरून तीन काळ्या रेघा. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, पोटावर झोपलो. तार चुकेना. मनाशी म्हटले, घरी गेल्यावर पाहू, आणि टिपत राहिलो.

एक वृद्ध मेंढपाळ कळप घेऊन परतत होता. तो बाबूजींपाशी थांबला आणि दोघे मारवाडीत बोलू लागले. काही वेळाने बाबूजींनी मला हाक मारली. मेंढपाळ आम्हाला तारेखाली थोडे पुढे घेऊन गेला. तेथे गवतात एक करकोचा पडला होता. मारवाडात त्याला कुरजा म्हणतात. राखी रंग, मान काळी, डोळ्यांमागून निघालेली पांढऱ्या पिसांची शेंडी अजून वाऱ्यावर हलत होती. एक पंख उघडा राहिला होता. मेंढपाळ म्हणाला, हा परवाचा. संध्याकाळी उजेड कमी झाला की त्यांना तार दिसत नाही. आणि मग त्याने गोडावणाची गोष्ट काढली. त्याच्या तरुणपणी याच माळावर गोडावण चरताना दिसे. आता वर्षानुवर्षे त्याने इथे पाहिलेला नाही.

गोडावण म्हणजे आपला माळढोक. नाव ऐकताच बाबूजी खाली बसले. लहानपणी आजोबांबरोबर बैलगाडीतून आठवड्याच्या बाजाराला जाताना त्यांनी माळढोक अनेकदा पाहिला होता. पावसाळ्याच्या दिवसांत नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमतो. तो आवाज दूरवर जातो. “आम्हांला वाटायचं, कुणी हंबरतंय,” ते म्हणाले. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील त्या माळांसाठी सरकारने १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर केले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे, श्रीगोंदे-कर्जत भाग त्यातच होता. पुढे त्याचा विस्तार १,२२२ चौरस किलोमीटरवर आला आणि पक्षी त्याहून वेगाने गेला. आता देशात सारे मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि त्यांतील बहुतेक या जैसलमेर जिल्ह्यात. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते. तार दिसेपर्यंत ती जवळ आलेली असते आणि एवढे जड शरीर ऐनवेळी वळत नाही. मादी वर्षाला साधारण एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याच्या संख्येत एकेका मृत्यूचा हिशेब मोठा असतो.

मेंढपाळाने विचारले, तुम्ही कुठले, इकडे आडवाटेला कशाला आलात? बाबूजींनी अभिमानाने पवनचक्कीकडे बोट दाखवले. आमचा पंखा पाहावयास आलो, म्हणाले.

मेंढपाळाने पंख्याकडे पाहिले, तारेकडे पाहिले. त्याच्या स्वरात राग नव्हता. “पंखा तुमचा, तर मग ही तारही तुमचीच,” एवढे बोलून तो मेंढ्यांमागे निघून गेला.

बाबूजींनी त्या करकोच्याजवळ उभे राहून नवकार म्हटला. गाडीत कोणी फार बोलले नाही.

पुढचे तीन दिवस जैसलमेरात गेले. किल्ल्यातील पिवळ्या दगडाची जिनालये, जिनभद्रसूरी ज्ञानभांडारातील ताडपत्रे, लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर, हे सारे वाचकांनी पाहिलेले अथवा वाचलेले असणार. मला रेंगाळावेसे वाटले ते पटवांच्या हवेलीपाशी. गुमानचंद पटवा यांनी आपल्या पाच मुलांसाठी ती १८०५ साली बांधावयास घेतली. तेव्हा उंटांचे काफिले या शहरातून सिंधकडे व त्याही पलीकडे जात. पुढे मुंबई बंदर वाढले, मालाची वाट समुद्राकडे वळली, वाळवंटातील पेढ्या ओस पडल्या आणि माणसे मुंबईच्या वाटेने निघाली. आमच्या आजोबांची लोटा-दोरीही त्याच वाटेवरची. त्या झरोक्यांखाली उभे असताना वाटून गेले की उलट्या दिशेने आता मुंबईचा पैसा येथे आला आहे, फक्त हवेलीऐवजी पंख्यांच्या रूपाने.

वाळूच्या टेकड्यांसाठी आम्ही आधी समला गेलो. तेथे टेकड्यांपेक्षा जिपाच अधिक होत्या. त्या उतारांवरून सुसाट खाली येत आणि पर्यटक किंचाळत. बाबूजींनी उंटावर बसण्यास नकार दिला आणि उंटवाल्याला फेरीचे पैसे मात्र दिले. तो गोंधळून गेला. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि मुलगा खुरीकडील टेकड्यांवर गेलो. सूर्य साडेसातनंतर उगवतो, त्यामुळे अंधारात चालत जाण्यास वेळ मिळतो. हात गोठत होते. उजाडल्यावर जे दिसले त्याने सारा शीण गेला. रात्रीच्या वाऱ्याने वाळूवर नव्या लाटा आखल्या होत्या आणि त्यांवर रात्रभराच्या वावराची नोंद होती : किड्याच्या दोन समांतर टिंबरेषा, उंदराच्या उड्या, कोल्ह्याची एका ओळीत पडलेली पावले, एके ठिकाणी उंदराच्या खुणा एकाएकी संपलेल्या. रिकामे म्हणून टिपावयास आलो होतो त्या जागी पाऊल कोठे ठेवावे, हा प्रश्न पडला. मुलगा म्हणाला, “पप्पा, इथेच थांबून काढा. पुढे गेलो की हे सगळं पुसलं जाईल.” आम्ही एका जागी बसून दीड तास काढला. लेन्स मात्र तेथे बदलू नये. मी बदलली, आणि सेन्सरवर बसलेली धूळ घरी येऊन साफ करून घ्यावी लागली.

परतीच्या वाटेवर पोखरण, फलोदी करीत आम्ही खीचनला मुक्काम केला. हे गाव बहुतेक वाचकांना माहीत असेल. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात गावातील एका जैन गृहस्थांनी पक्ष्यांना ज्वारी टाकण्यास सुरुवात केली. थोडे करकोचे येऊ लागले, मग शेकडो, आता हजारो. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून ते येतात, भाद्रपद-आश्विनात उतरतात आणि फाल्गुनापर्यंत राहतात. दूरदेशी व्यापार करणारी खीचनची कुटुंबे दाण्याचा खर्च पाठवीत असतात. २०२५च्या जूनमध्ये खीचनच्या पाणथळ जागेला रामसर यादीत स्थान मिळाले. सकाळी चुग्गाघराच्या गच्चीवरून आम्ही पाहत होतो. आकाश आवाजाने भरून गेले, आणि मग थव्यामागून थवा कुंपणाच्या आत उतरला. मी चारशेच्या वर छायाचित्रे काढली असतील.

बाबूजींना त्या पांढऱ्या शेंड्या दिसत नव्हत्या. ते डोळे मिटून आवाज ऐकत होते. खाली येऊन त्यांनी पन्नास पोती ज्वारीचे पैसे लिहवले. पावती माझ्या हाती देताना विचारले, “हे त्या तारेवर आपटतात तेच ना?” मी होय म्हणालो. गावच्या लोकांनी सांगितले की खीचनच्या आसपासही तारांवर आपटून कुरजा मरत आल्या आहेत, आणि तारा हलवाव्यात म्हणून गावाने बराच पाठपुरावा केला.

घरी आल्यावर ती पावती मी कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवली. त्याच फाईलमध्ये पवनचक्कीचे त्या महिन्याचे विवरण होते.

आणि तरीही, आठवड्याभराने संगणकावर ते खेजडीचे छायाचित्र उघडले तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती तारा पुसण्याची. दहा मिनिटेही लागली नाहीत. खांब गवतात विरघळले, तीन रेघा आकाशात विरल्या. मन अगदीच गप्प होते असे नाही. मी त्याला सांगितले की ही कला आहे, दस्तऐवज नव्हे. चित्रकार नको ते वगळतोच. पारितोषिक मिळाले तेव्हा हा युक्तिवाद पटण्यास फारच सोपा झाला.

मे महिन्यात बाबूजींच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. महिन्याभराने ते पेढीवर आले. भांड्यांची चकाकी पाहून आधी खूश झाले. दोन वाट्या उचलून पॉलिश नीट नाही म्हणून बाजूला ठेवल्या. मग वर येऊन भिंतीवरच्या छायाचित्रासमोर उभे राहिले. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले.

“तार कुठे गेली?”

“काढली.”

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. कंपनीने खरोखरच तार काढली, असे त्यांना वाटले होते. “कधी काढली? खालून नेली का?”

मला सांगावे लागले की छायाचित्रातून काढली. ते काही वेळ बोलले नाहीत. पन्नास वर्षे त्यांनी खतावणी लिहिली आहे; रागावले तरी ते हिशेबाच्याच भाषेत रागावतात. “म्हणजे जमेची बाजू ठेवलीस आणि नावेची खोडलीस,” ते म्हणाले. “असं पान आपल्याकडे कुणी लिहिलं असतं तर त्याला आपण काय म्हटलं असतं?”

मी त्या दिवशी थोडा चिडलो, हे लपवीत नाही. पवनचक्कीची वीज म्हणजे तेवढा कोळसा कमी जळला, हे खोटे नाही. आपल्या मुलांना स्वच्छ हवा हवी असेल तर वीज कुठून तरी आणावी लागणारच. सर्वोच्च न्यायालयासमोरही हाच पेच आला होता. एप्रिल २०२१मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या प्रदेशातील वीजवाहिन्या शक्य तेथे भूमिगत कराव्यात, असा आदेश दिला. पण एवढ्या उच्च दाबाच्या साऱ्याच तारा जमिनीखालून नेणे व्यवहार्य नाही, असे सरकारने मांडले. मार्च २०२४मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क आणि पक्ष्याचे रक्षण, दोन्ही त्या निकालात आहे. दुसरीकडे सम व रामदेवरा येथील केंद्रांत माळढोकाची पिल्ले माणसांच्या देखरेखीखाली वाढत आहेत. म्हणजे प्रश्न सोपा नाही. पण बाबूजींनी मला हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांनी फक्त तार कुठे गेली एवढे विचारले होते.

मूळ प्रत माझ्याकडे होती. ती छापून आणली आणि त्याच चौकटीत घातली. मंडळाला पत्र लिहून पारितोषिक परत केले. त्यांनी ‘एवढे मनावर घेऊ नका’ म्हणून ते पुन्हा पाठवले, आता ते कपाटात आहे. मग भागीदारांना लिहिले. तारेवर लटकवावयाच्या चकत्या मिळतात. त्या वाऱ्यावर फिरतात, उजेडात चमकतात आणि पक्ष्याला दुरून तार जाणवते. त्याने सारे अपघात टळत नाहीत, पण कमी होतात. आमच्या चक्कीपासून उपकेंद्रापर्यंतच्या वाहिनीवर त्या स्वखर्चाने लावाव्यात, असा माझा प्रस्ताव होता. एक भागीदार लगेच हो म्हणाले. दुसऱ्यांचे म्हणणे, त्या वाहिनीवर आणखी कितीतरी जणांच्या चक्क्या आहेत, आपणच का? तिसऱ्यांनी विचारले की हा खर्च कोणत्या खाती टाकावयाचा. हा प्रश्नही अवाजवी नाही. देखभाल करणाऱ्या कंपनीला पत्र गेले आहे, स्मरणपत्रही गेले आहे.

पेढीवर येणाऱ्यांपैकी काही जण आता छायाचित्राकडे पाहून म्हणतात, “मधे त्या रेघा आल्या नसत्या तर!” मी त्यांना चहा संपेपर्यंत करकोच्याची हकीकत सांगतो. त्यांच्यापैकी दोघांच्या पवनचक्क्या निघाल्या, एकाची तर आमच्याच वाहिनीवर. त्यांनी आपल्या यंत्राचा क्रमांक देऊन ठेवला आहे.

गेल्या रविवारी बाबूजी पुन्हा पेढीवर आले होते. नव्या चष्म्यातून त्यांनी छायाचित्रातील खांबांवर एकेक बोट ठेवून मोजणी केली. “इथे चार दिसतात. पुढे किती आहेत?” माझ्या मुलाने संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडला, आमची चक्की शोधली आणि खांबांच्या सावल्या मोजत तो उपकेंद्रापर्यंत गेला. एकसष्ट, तो म्हणाला. बाबूजींनी पुन्हा एकदा मोजावयास लावले. आकडा जुळला तेव्हा त्यांनी खिशातील वही काढून तो लिहून घेतला आणि विचारले, “दोन खांबांच्या मधे चकत्या किती लागतील?”